भंडाऱ्याची दोन मतं

बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्याला निवडणूक लढवायला आले, त्याचं एक कारण बिडी होतं.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्यातून लोकसभेवर दोन जण निवडून गेले. हा मतदारसंघ त्या काळी द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी आले, राखीव जागेवर तुलाराम साखरे. जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या बिडीच्या पेढीचे भागीदार होते, आणि या पेढीचा केंद्र सरकारच्या कॅन्टीनला बिड्या पुरवण्याचा करार होता. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असलेल्या माणसाला संसदेची निवडणूक लढवता येते का, या प्रश्नावर प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने जसानींना अपात्र ठरवलं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तेंदूपानाच्या या मुलखाची त्यांना ओळख असणारच.

याच खटल्यात आणखी एक मुद्दा होता, आणि माझ्या मते तो बिडीच्या मुद्द्याहून मोठा होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारलेला होता. छाननीत हरकत आली, की पंथ बदलला म्हणजे हा माणूस आता महार राहिला नाही, तेव्हा राखीव जागेवर त्याचा हक्क नाही. अर्ज बाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. न्यायालयाने विचारलेले प्रश्न साधे होते. जुन्या जातीची माणसं त्याला अजून आपला मानतात का? त्याला स्वतःला जातीतून बाहेर पडायचं होतं का? नव्या पंथाचे नियम जुनं नातं तोडायला सांगतात का? ठवरे महारच राहिले होते, असा निष्कर्ष निघाला. धर्म किंवा पंथ बदलला म्हणून जात सुटते का, हा प्रश्न भंडाऱ्याच्या मातीतून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा नागपूरच्या धम्मदीक्षेला अडीच-पावणेतीन वर्षं अवकाश होता. पुढचं सगळं वाचताना हा योगायोग मनात ठेवावा.

जुनी निवडणूक रद्द झाल्यावर दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने सर्वसाधारण जागेसाठी पूनमचंद रांका आणि राखीव जागेसाठी भाऊराव बोरकर यांना उभं केलं. प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर उभे राहिले. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने डॉ. भीमराव रामजी आंबेडकर.

थोर माणसाच्या शौर्याविषयी लिहिताना आपण बहुतेक वेळा त्याने गाजवलेल्या जागी जातो. महाडचं चवदार तळं, नाशिकचं काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, घटनासभा. त्या जागा मोठ्या आहेत, त्यांच्यावर ग्रंथ आहेत. बाबासाहेबांच्या धैर्याची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट मात्र एप्रिल-मे १९५४ मधल्या भंडाऱ्याची आहे, आणि तिथे ते हरले.

ती समजायला आधी मुंबईला जावं लागतं.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. त्यानंतर काही महिन्यांनी मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून ते लोकसभेला उभे राहिले. समाजवादी पक्षाशी समझोता होता, अशोक मेहता तिथेही त्यांच्या जोडीला होते. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष, देशाचे माजी कायदेमंत्री, आणि ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. जिव्हारी लागणारी बाब वेगळीच होती. सत्तर हजारांहून जास्त मतं वाया गेली होती. या वाया जाण्याला त्या वेळच्या मुंबईत एक शब्द होता: मतं कुजवणं.

मत कुजवायचं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगावं लागतं, कारण ती रीतच आता उरलेली नाही. त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसत, शिक्का मारायचा नसे. मतदान केंद्रात पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असे आणि तिच्यावर त्याचं चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती. मतदाराने आपली कागदाची पत्रिका आपल्याला हव्या त्या पेटीत टाकायची. देशातले बहुसंख्य मतदार निरक्षर होते, त्यांना मत देता यावं म्हणून ही सोय. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन पत्रिका मिळत आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर मोजणीत एकच धरली जाई, दुसरी बाद. म्हणजे एखाद्या गटाला आपल्या एकाच उमेदवाराचं भलं करायचं असेल आणि इतर कोणालाही फायदा होऊ द्यायचा नसेल, तर त्याने आपल्या लोकांना सांगायचं, की दुसरं मत कुजवा.

मुंबईत कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना असाच सल्ला दिल्याचा आरोप झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आणि इतरांविरुद्ध निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. कायद्याच्या दृष्टीने मत न वापरण्याचा हक्क मतदाराला होताच. पण बाबासाहेबांना ही गोष्ट कुठे लागली असेल हे समजणं अवघड नाही. जानेवारी १९१९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, साऊथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली ती अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळावेत म्हणून. सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला तेव्हा देशातल्या भल्या भल्या पुढाऱ्यांना ती मागणी अतिरेकी वाटत होती. ज्याने मताचा कागद गरिबाच्या हातात यावा म्हणून तीस-बत्तीस वर्षं खपवली, त्याच्याच मतदारसंघात, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्या कागदांचा ढीग कचऱ्यात गेला.

आता भंडारा.

मार्च १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले होते. संसदेत बोलायला जागा होती, वेळ होता, ऐकणारे होते. वयाची त्रेसष्टी आलेली, मधुमेह आणि सांधेदुखीने शरीर पोखरलेलं, उभं राहायला काठीचा किंवा कोणाच्या खांद्याचा आधार लागायचा. पोटनिवडणूक लढवण्याची त्यांना काही गरज नव्हती. तरी ते आले. माझं मत असं, की आमदारांच्या मतांवर राज्यसभेत बसणं त्यांना पुरेसं वाटत नव्हतं. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात लोकांच्या मतांवर जायचं होतं.

भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच मोडत होता. वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. इथले महार पिढ्यानपिढ्या जाडंभरडं कापड विणत आले होते, आणि हातमागावर गिरणीने घाला घातल्यावर त्यातले कित्येक नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामाला गेले. गावी येताना ते पगाराबरोबर सभांच्या बातम्या घेऊन येत. १९४२ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली तीही नागपुरातच. उमेदवार बाहेरचा असला तरी इथल्या वस्त्यांना तो बाहेरचा नव्हता.

पण हंगाम वाईट. एप्रिल-मे म्हणजे मोहफुलं वेचून होत आलेली आणि तेंदूपानं तोडायला बायामाणसं पहाटेपासून जंगलात गेलेली. दुपारी उन्हाच्या झळा सोसवत नाहीत. अशा दिवसांत हा आजारी माणूस जिल्ह्यात फिरला, सभा घेतल्या. सभांमध्ये त्याने आपल्या जातीची गाऱ्हाणी तेवढी मांडली नाहीत. सरकारच्या कारभारावर आणि नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर तो बोलला. धानाच्या बांधीत राबणाऱ्या माणसाला देशाचं परराष्ट्र धोरण सांगायचं, आणि त्याला ते कळेल यावर विश्वास ठेवायचा! मतं मागण्याच्या नेहमीच्या हिशेबात हे बसत नाही. मला यात श्रोत्यांविषयीचा मोठा आदर दिसतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यसभेत त्यांनी तिबेट आणि पंचशील यांवर जी कठोर टीका केली, तिची पहिली ऐकणारी माणसं भंडाऱ्याची होती, असं म्हणायला हरकत नाही.

प्रचारात कार्यकर्त्यांच्या लक्षात एक गणित आलं. ते गणित बरोबर होतं, म्हणून ते नीट समजून घेऊ.

मोजणीचा नियम असा: आधी राखीव जागेचा निकाल. अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मतं, तो राखीव जागेवर निवडून आला. मग उरलेल्या सगळ्या उमेदवारांत, जातीचा विचार न करता, ज्याला सर्वाधिक मतं त्याला सर्वसाधारण जागा. म्हणजे राखीव जागेच्या लढतीत दुसरा आलेला उमेदवार बाद होत नसे. तो सर्वसाधारण जागेच्या शर्यतीत आपोआप उतरत असे. हे नुसतं कागदावरचं नव्हतं. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात असंच घडलं, दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने तो निकाल योग्य ठरवला.

भंडाऱ्यात काँग्रेसची सवर्ण मतं बोरकरांकडे जाणार हे दिसत होतं. राखीव जागा हातची जाण्याची शक्यता होती. पण फेडरेशनच्या मतदारांनी आपलं दुसरं मत कोणालाच दिलं नाही, तर अशोक मेहतांची मतं घटतील, रांकांना तर ती मिळणार नव्हतीच, आणि बाबासाहेब सर्वसाधारण जागेवरून लोकसभेत पोचतील. त्यासाठी खर्च नव्हता, कायदा मोडायचा नव्हता. लोकांना एक वाक्य सांगायचं होतं: दुसरं मत कुजवा.

बाबासाहेबांनी ते सांगायला नकार दिला. आंबेडकरी चळवळीत ही आठवण पिढ्यानपिढ्या सांगितली जाते, आणि तिचा आशय सगळीकडे एकच आहे. ज्याने राज्यघटना लिहिली त्याने लोकांना मत वाया घालवायला सांगायचं नसतं. हरलो तरी चालेल, दोन्ही मतं वापरा. कार्यकर्त्यांचा जीव तळमळला असणार. त्यांचा नेता समोर होता, थकलेला, आणि त्याला लोकसभेत नेण्याची वाट त्यांना दिसत होती. ती वाट त्यानेच अडवली.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. या माणसाला स्वतःच्या हातच्या घटनेविषयी त्या काळात भाबडं प्रेम नव्हतं. आठच महिन्यांपूर्वी, सप्टेंबर १९५३ मध्ये, राज्यसभेत ते संतापून म्हणाले होते की ही घटना जाळायला पहिला मी पुढे येईन. अल्पसंख्याकांना तिच्यातून संरक्षण मिळत नाही, ही त्यांची व्यथा होती. संयुक्त मतदारसंघाची पद्धतही त्यांना कधी पटली नव्हती. १९३२ च्या पुणे करारापासून ते सांगत आले होते, की राखीव जागेवर अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण हे जर सवर्णांची बहुसंख्य मतं ठरवणार असतील, तर तो प्रतिनिधी अस्पृश्यांचा राहत नाही. भंडाऱ्यात नेमकं हेच त्यांच्या वाट्याला येणार होतं, आणि त्यांना ते दिसत होतं. म्हणजे ज्या पद्धतीवर आपला विश्वास नाही, ज्या पद्धतीने आपल्याला एकदा पाडलं, जी पुन्हा पाडणार हे कळतंय, तिच्यातल्या फटीचा फायदा आपण घ्यायचा नाही. रागावलेल्या माणसाने पाळलेला हा नियम आहे. शांत माणसाला नियम पाळणं सोपं असतं.

आणि अशोक मेहतांचाही प्रश्न होता. ते सोबती होते. फेडरेशनची मतं आपल्याला मिळतील या भरवशावर ते उभे होते. त्यांना न सांगता ती मतं काढून घ्यायची, ही बाबासाहेबांच्या लेखी दगलबाजी ठरली असती. वीरांच्या चरित्रांत शत्रूवर मात केल्याची वर्णनं खूप असतात. सोबत्याला दिलेला शब्द स्वतःच्या पराभवाची किंमत मोजून पाळला, अशी वर्णनं फार थोडी.

मे १९५४ मध्ये मतदान झालं. भाऊराव बोरकर राखीव जागेवर निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. त्यांना सव्वा लाखाहून जास्त मतं पडली होती. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे रांका पडले आणि अशोक मेहता निवडून आले.

या निकालाकडे पुन्हा एकदा नियम डोळ्यांपुढे ठेवून बघा. मेहता निवडून आले याचा अर्थ त्यांना बाबासाहेबांहून जास्त मतं होती, नाहीतर ती जागा बाबासाहेबांची झाली असती. आणि फेडरेशनच्या माणसांची दुसरी मतं त्या मतांत होती. पुढाऱ्याने सांगितलं ते लोकांनी ऐकलं. लाखाच्या घरातली ही माणसं, बहुतेक शेतमजूर, विणकर, बिडी वळणारी. पडद्याआड एकटं असताना त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. हातातला दुसरा कागद कमरेला खोचून बाहेर पडता आलं असतं. त्यांनी तो टाकला. पुढाऱ्याच्या धैर्याविषयी आपण इतकं बोलतो, तर ज्यांनी ते धैर्य निमूटपणे अंमलात आणलं त्यांच्याविषयीही बोललं पाहिजे. काँग्रेसच्या मतदारांनी मात्र आपली मतं कुठे टाकली ते आकड्यांत दिसतंच. बाबासाहेबांसारख्या उमेदवाराला सव्वा लाख माणसांनी निवडलं, पण ज्यांच्या हिताच्या कायद्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं त्या हिंदू समाजातून पुरेशी मतं आली नाहीत. भंडाऱ्याच्या इतिहासात ही नोंद राहणारच, आणि ती वाचताना जिल्ह्यातल्या माणसाला आजही लाज वाटली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

विजयी झालेल्या भाऊराव बोरकरांना ती जागा फार काळ लाभली नाही. १९५५ मध्ये पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि अनुसूयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. एका लोकसभेच्या मुदतीत भंडाऱ्याने राखीव जागेसाठी तीनदा मतदान केलं.

बाबासाहेब पराभवावर थांबून राहिले नाहीत. त्याच मे महिन्यात ते बुद्धजयंतीच्या उत्सवासाठी रंगूनला गेले. डिसेंबरात पुन्हा ब्रह्मदेशात जागतिक बौद्ध परिषदेला, आणि तिथून परतल्यावर देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना. १९५५ मध्ये फेडरेशनने ठराव केला, की कायदेमंडळांतल्या राखीव जागा रद्द कराव्यात. या ठरावामागे मुंबई आणि भंडारा ही दोन नावं होती, हे ठरावात लिहिलेलं नसलं तरी वाचता येतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. भंडारा शहर तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. वैनगंगेकाठच्या गावांतून माणसं पायी, बैलगाड्यांतून, रेल्वेने, पांढरी वस्त्रं घालून निघाली. गंगाराम ठवरे प्रकरणात न्यायालयाने जो प्रश्न विचारला होता, त्याला जातीतून बाहेर पडायचंच होतं का, त्याचं उत्तर त्या दिवशी लाखोंनी एका आवाजात दिलं. या उत्तराची किंमतही त्यांनी मोजली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळायला १९९० साल उजाडावं लागलं.

दोन मतांची पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली. भंडाऱ्याच्या मतदाराला आता एकच मत असतं, आणि कुजवण्यासारखं दुसरं काही त्याच्या हातात उरलेलं नाही.

१९५४ मध्ये मत द्यायला वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागत. म्हणजे ज्यांनी तेव्हा पडद्याआड उभं राहून एक कागद हत्तीच्या पेटीत आणि दुसरा अशोक मेहतांच्या पेटीत टाकला, त्यांच्यातली आज हयात असलेली सगळी माणसं नव्वदीच्या पुढची आहेत. पवनी, लाखांदूर, साकोली, तिरोडा, मोहाडीकडच्या कुठल्या ना कुठल्या घरी, ओसरीवर बाजेवर पडलेला एखादा आजा किंवा एखादी आजी अजून असेल. नातवंडांनी त्यांच्याजवळ बसून विचारावं, की तो दुसरा कागद टाकताना हात थबकला होता का. आणि जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून ठेवावं.